गाण्यातली 'मी' कोण, ते आधी विचारा

पत्र असं आहे:

'गुहागर तालुक्यात आमचं घर. नवरा मुंबईला नोकरीला, इथे मी, सासूबाई आणि यंदा बारावीत जाणारी मुलगी. ती दिवसभर हेडफोन लावून टेलर स्विफ्ट नावाच्या गायिकेची गाणी ऐकते. परवा अंथरूण झटकताना तिची वही सापडली. पानंच्या पानं इंग्रजी गाणी उतरवलेली. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून फोटो काढून भाषांतराच्या ॲपमध्ये घातला. "प्रेत नाही, गुन्हा नाही", "तो मरेपर्यंत मी थांबणार नव्हतो", "जागा कशी साफ करायची ते मला कळते", आणि पुढच्या पानावर स्वतःच्याच मयतीचं काहीतरी. माझे हातपाय गार पडले. शेजारच्या वहिनी म्हणतात, आधी तो फोन काढून घे. या गाण्यांचा खरा अर्थ काय? माझ्या मुलीच्या मनात तेच चाललंय का? आणि असलं गाणं समोर आलं तर माझ्यासारखीने ते वाचायचं कसं?'

ताई,

फोन काढून घेऊ नका. निदान या दोन गाण्यांपायी तरी नको. पहिलं गाणं ही सरळसरळ रचलेली खूनकथा आहे. दुसऱ्यात बोलणारी बाई मुळात मेलेलीच आहे आणि आपल्या मयतीला कोण कोण आलंय ते बघते आहे. दोन्हींतली 'मी' तुमची मुलगी नाही, आणि जशीच्या तशी गायिकाही नाही. नुसता धीर द्यायला हे म्हणत नाही. गाण्याच्या शब्दांत ते कसं दिसतं ते खाली सविस्तर येतंच आहे.

त्याआधी एक गोष्ट. मुलीच्या मनात काय चाललंय ते गाण्यांवरून ठरत नाही, वागण्यावरून ठरतं. रात्र रात्र जागणं किंवा दिवसभर अंथरुणात पडून राहणं, जेवण तुटणं, जिवलग मैत्रिणींशीही बोलणं बंद होणं, आवडीच्या गोष्टींतून मन उडणं, यातलं काही दोन आठवडे टिकून असेल तर डॉक्टरांशी बोला. अंगावर कापल्याच्या खुणा, मेमधल्या उकाड्यातही लांब बाह्या, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं स्वतःच्या शब्दांतलं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका. सरळ विचारा, 'तुला जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही; असलेला बोलून दाखवायला वाट मिळते. सरकारी टेलिमानस सेवेचा नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. हा नंबर घराघरांत लिहून ठेवावा असं आमचं मत आहे, गाणी असोत वा नसोत.

तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. मुलगी जेवते-खाते, मैत्रिणींकडे जाते, नुसती हेडफोन काढत नाही, असं धरून चालतो. तर मग आता गाण्यांकडे वळू.

गाणं हातात घेतलं की पहिला प्रश्न 'याचा अर्थ काय' हा नसतोच. बोलतंय कोण, आणि कोणाशी, हा पहिला प्रश्न. तुम्हाला हे नवं नाही. एकनाथांचं 'रोडगा वाहीन तुला' हे भारूड सप्त्यात ऐकलं असेलच. त्यातली बाई भवानीआईला काय साकडं घालते? सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. जावेला बोडकी कर. नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. आणि शेवटी नवऱ्याचीच आहुती देते, मला मोकळी कर. हे ॲपमधून इंग्रजीत नेऊन एखाद्या अमेरिकन बाईच्या हातात दिलं तर तीही पोलिसांना फोन लावेल. आपण मात्र टाळ वाजवत हसतो, कारण नवस बोलणारी ती बाई म्हणजे नाथ नव्हेत हे आपल्याला ठाऊक असतं, आणि सासरा-जाऊ-नणंद ही मंडळी कशाच्या जागी उभी आहेत ते बुवांनी उलगडून सांगितलेलं असतं. इंग्रजी गाण्यापाशी ते सांगायला कोणी उभं नसतं. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

आधी ॲपने काय घोळ घातला ते पाहू, कारण तुमची अर्धी भीती त्यातूनच आली आहे. गाण्यात एक वाक्य दोन-तीन ओळींत तुटतं आणि हाताने उतरवताना स्वल्पविराम, पूर्णविराम कोणी घालत नाही. ॲप प्रत्येक तुटकी ओळ पूर्ण वाक्य समजतं. त्यामुळे पुढचं-मागचं गळून 'मरेपर्यंत' तेवढं डोळ्यांत घुसतं. दुसरं, इंग्रजी 'मी' बाई की पुरुष ते क्रियापदावरून कळत नाही. मराठीत बऱ्याचदा ते सांगितल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, आणि ॲप बहुतेक वेळा पुरुष धरून चालतं. म्हणून तुम्हाला 'थांबणार नव्हतो' आलं. गाण्यात बोलणारी बाई आहे. तिसरं, कडव्यात मध्येच दुसऱ्या कोणाचं बोलणं आलं तर अवतरणचिन्हं लागतात. वहीत ती नसतात, मग सगळं एकाच्याच तोंडी जातं.

यावर उपाय सोपा आहे. वहीतलं हस्ताक्षर सोडा. गाणी वाजवायच्या ॲपमध्येच बहुतेक गाण्यांचे शब्द दिसतात, तिथून घ्या. कानाने उतरवलेल्या शब्दांचा भरवसा नसतो: याच गायिकेच्या २०१४ सालच्या 'ब्लँक स्पेस'मध्ये जुन्या प्रियकरांच्या लांबलचक यादीचा उल्लेख आहे, तिथे इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसांनीही 'स्टारबक्स'वाले प्रेमी ऐकलं, म्हणजे चक्क कॉफीचं दुकान. शब्द मिळाले की एका वेळी एकच कडवं घ्या, ओळी जोडून सलग परिच्छेद करा, विरामचिन्हं घाला आणि मग ॲपमध्ये टाका. निकाल एकदम सुधारतो. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक 'मी', 'तू', 'तो', 'ती'च्या डोक्यावर माणसाचं नाव लिहा. नाव सुचलं नाही तर प्रश्नचिन्ह. पहिल्या गाण्याला पाऊण तास लागेल, पुढच्यांना त्याच्या निम्मा.

आता हेच तुमच्या पहिल्या गाण्यावर करू. 'नो बॉडी, नो क्राइम' हे ११ डिसेंबर २०२० ला आलेल्या 'एव्हरमोर' अल्बममधलं. टेलर स्विफ्टने एकटीने लिहिलेलं, साथीला हाइम हा तीन बहिणींचा बँड. पहिल्या कडव्यात बोलणारीची मैत्रीण एस्टे आहे. दोघी दर मंगळवारी रात्री जेवायला भेटतात. एस्टेची झोप उडालीय; नवऱ्याचं वागणं बदललंय, त्याच्या ओठांवरची वाइन तिची नव्हे, आणि जॉइंट खात्यातून दागिना घेतलेला दिसतो जो तिला मिळालेला नाही. दुसऱ्या कडव्यात मंगळवार येतो, एस्टे येत नाही. कामावरही नाही. नवरा जाऊन बायको बेपत्ता झाल्याची तक्रार देतो. बोलणारी त्याच्या घरावरून जाते तर त्याच्या ट्रकला कोरे करकरीत टायर, आणि एस्टेच्या पलंगावर त्याची दुसरी बाई. तिसऱ्या कडव्यात बोलणारी स्वतःवरच खूश होत म्हणते: बापाने पंधराव्या वर्षी मला होडीचा परवाना काढायला लावला ते बरं झालं. लोकांची घरं साफ करण्यात आयुष्य गेलं, तेव्हा जागा कशी पुसायची ते कळतं. एस्टेची बहीण शपथेवर सांगेल की ही माझ्याबरोबर होती. आणि त्या दुसऱ्या बाईने त्याचा मोठ्ठा विमा उतरवून ठेवलाय, तेही छानच.

बघा, 'मी खून केला' अशी एक ओळ अख्ख्या गाण्यात नाही. टायर नवे का, ते गाणं सांगत नाही. जुन्या टायरच्या खुणा कुठेतरी चिखलात उमटल्या असणार, हे ऐकणाऱ्याने जुळवायचं. होडी कशाला, हे समुद्रकाठच्या वेळणेश्वरच्या किंवा पालशेतच्या माणसाला समजावून सांगायला नकोच. विम्याचं बारीक आहे: नवरा मेला की पैसा त्या बाईला मिळणार, मग पोलीस कोणाकडे वळतील? म्हणजे बोलणारीने एका दगडात दोन पक्षी मारलेत.

आणि खरी गंमत धृपदात आहे. धृपद म्हणजे तेच तेच, असं समजून आपण तिथे लक्ष सोडतो. इथे प्रत्येक वेळी ते थोडं हललेलं आहे. आधी 'मला वाटतं त्याने केलं, पण सिद्ध करता येत नाही'. मग 'त्यांना वाटतं तिने केलं'. मग 'तिला वाटतं मी केलं'. वाक्य तेच, फक्त सर्वनामं फिरली, आणि तेवढ्यात फिर्यादी होती ती आरोपी झाली. ॲपने या सगळ्याचा 'केले, केले, केले' असा काला करून दिला असणार. कुठलंही गाणं घ्या, धृपदाची प्रत्येक खेप एकाखाली एक लिहून जिथे शब्द बदललाय तिथे खूण करा. बहुतेक वेळा किल्ली तिथेच सापडते.

एस्टे हे नाव मात्र खरं आहे. हाइम बँडमधल्या एका बहिणीचं, गायिकेच्या मैत्रिणीचं. ती धडधाकट आहे आणि असल्या गाण्यात आपलं नाव आलेलं तिला आवडेल म्हणूनच ते घातलं, असं गायिकेनेच सांगितलंय. खऱ्या गुन्ह्यांच्या कथा बघायचा-ऐकायचा गायिकेला नाद आहे. शिवाय दगाबाज किंवा मारकुट्या नवऱ्याचा काटा काढणारी बाई हा अमेरिकन कंट्री संगीतातला, म्हणजे तिकडच्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांतला, ठरलेला विषय आहे. 'गुडबाय अर्ल' नावाचं असंच गाणं २००० साली तिकडे तुफान वाजलं. पोवाड्यात रक्त सांडलं म्हणून आपण शाहिराची झडती घेत नाही, तसंच हे.

बोलणारा कोण याची सगळ्यात चांगली तालीम हवी असेल तर त्याच वर्षी २४ जुलैला आलेला 'फोकलोर' अल्बम घ्या आणि त्यातली तीन गाणी या क्रमाने ऐका: आठवं 'ऑगस्ट', चौदावं 'बेटी', दुसरं 'कार्डिगन'. तिन्ही मिळून पंधरा मिनिटांच्या आत होतात. (बेटी हे मुलीचं नाव, हिंदीतली बेटी नव्हे.) शाळकरी वयातला एक काल्पनिक त्रिकोण आहे: जेम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा, त्याची बेटी, आणि सुट्टीत भेटलेली तिसरी मुलगी. 'ऑगस्ट' त्या तिसरीच्या तोंडी, 'बेटी' जेम्सच्या तोंडी, आणि 'कार्डिगन' पुष्कळ वर्षांनी मागे वळून बघणाऱ्या बेटीच्या. हे गायिकेने स्वतः सांगितलेलं आहे, चाहत्यांनी जुळवलेलं नाही.

एकच प्रसंग दोन गाण्यांत कसा येतो ते पाहण्यासारखं आहे. 'बेटी'त जेम्स सांगतो: मी तुझाच विचार करत घरी चालत निघालो होतो, तेवढ्यात तिने गाडी थांबवली आणि म्हणाली, बस. 'ऑगस्ट'मध्ये तीच मुलगी विचारते: आठवतं, मी गाडी थांबवून तुला बस म्हटलं होतं? त्याच्या गोष्टीत ती गाडी म्हणजे पाय घसरायचं निमित्त. तिच्या गोष्टीत तोच अख्ख्या उन्हाळ्यातला जपून ठेवलेला क्षण. तो म्हणतो ते नुसतं सुट्टीपुरतं होतं. ती म्हणते तू माझा कधी नव्हतासच, तरी. यातलं एकच गाणं वहीत सापडलं असतं तर तुम्ही कोणाची बाजू खरी धरली असती? आणि 'बेटी' गाणारी बाई असून बोलणारा मुलगा आहे, म्हणून तिथे ॲपचं पुल्लिंग चुकून बरोबर ठरतं.

सुरांकडेही कान द्या. 'बेटी' संपत येताना जेम्स माफी मागायला तिच्या दारात पोचतो, आणि तिथेच गाण्याची पट्टी वर चढते. शब्दांत अजून 'ती मला आत घेईल का' अशी धाकधूक आहे; चालीत मात्र त्याची आशा आधीच उसळलेली आहे. 'कार्डिगन'ची चाल मंद, दबलेली. शब्द कळले नाहीत तरी तीन माणसं तीन वेगळ्या ठिकाणी उभी आहेत हे ऐकू येतं. शब्द आणि चाल एकमेकांना सोडून चाललेली दिसली की तिथे थांबायचं. बहुधा बोलणारा स्वतःला फसवतोय किंवा गाणं त्याला हसतंय.

आता मयतीचं गाणं. 'माय टिअर्स रिकोशे', 'फोकलोर'मधलं पाचवं. इथे नुसतं 'कोण बोलतंय' पुरत नाही, म्हणून कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात जे शब्दांत आहे ते. दुसऱ्यात जे गायिकेने उघडपणे सांगितलंय ते. तिसऱ्यात लोक म्हणतात ते.

पहिला रकाना: बोलणारी मेली आहे. जिला उद्देशून बोलतेय ती व्यक्ती मयतीला आलीय, आणि बोलणारीनेच दिलेले दागिने अंगावर घालून तिला पुरते आहे. मी जळले तर तुझीही राख होईल, असं ती बजावते. आणि एक चमत्कारिक ओळ: रात्री झोप आली नाही की तुला माझी चोरलेली अंगाईगीतं ऐकू येतात. दुसरा रकाना: छळणारा आपल्याच वेडापायी संपलेल्या व्यक्तीच्या अंत्यविधीला येतो अशी कल्पना, एवढं गायिकेने लिहून ठेवलंय. त्या काळात घटस्फोटाच्या गोष्टी ऐकल्या की आपल्याला फार लागायचं, असंही तिने एका मुलाखतीत सांगितलं. तिचं स्वतःचं तर लग्नच झालेलं नव्हतं. तिसरा रकाना: लोक म्हणतात हे तिच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला उद्देशून आहे.

तिसरा रकाना एरवी आम्ही फार मनावर घेत नाही. इथे मात्र घ्यावा लागतो, कारण पहिल्या रकान्यातली ती अंगाईची ओळ त्याच्या बाजूने उभी राहते. प्रियकर मन चोरेल, अंगाया कशाला चोरेल? पंधराव्या वर्षापासून ती ज्या कंपनीशी बांधलेली होती ती कंपनी जून २०१९ मध्ये विकली गेली, आणि तिच्या पहिल्या सहा अल्बमांची मास्टर्स, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याच्या हाती गेली. मास्टर्स ज्याची, त्या रेकॉर्डिंगचा पैसा आणि परवानगी त्याची. गाणारी आपल्याच आवाजाला परकी. पुढे तिने त्यातले चार अल्बम नव्याने गाऊन काढले आणि मे २०२५ मध्ये ती मास्टर्स विकत घेतली. एवढं ठाऊक असलं की मयत, दागिने, अंगाई सगळं एका धाग्यात येतं. मेली आहे ती नोकरी म्हणा, नातं म्हणा, पंधरा वर्षांची मुलगी म्हणा. जीव द्यायची भाषा त्यात कुठेच नाही. उलट फार चिडलेलं गाणं आहे ते.

प्रेमगीत वाटावं आणि निघावा धंद्यातला निरोप, हे तिकडे जुनंच आहे. डॉली पार्टनचं १९७४ साली आलेलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' जगभर लग्नांत वाजतं. तिने ते लिहिलं ज्याच्या टीव्ही कार्यक्रमात ती सात वर्षं गायली त्या पोर्टर वॅगनरला सोडून स्वतंत्र व्हायच्या वेळी. ते कळल्यावर गाणं लहान होत नाही. पण लग्नात वाजवावं का, हा प्रश्न पडतो खरा.

तीन रकान्यांचा नियम एकच: तिसऱ्यातली गोष्ट पुराव्याशिवाय पहिल्यात ढकलायची नाही. या गायिकेच्या बाबतीत हे विशेष कडकपणे पाळावं लागतं, कारण तिनेच श्रोत्यांना हेरगिरीची चटक लावली. २००६ ते २०१४ मधल्या पहिल्या पाच अल्बमांच्या सीडीसोबतच्या पुस्तिकांत छापलेल्या शब्दांमध्ये मधूनच एखादं अक्षर मोठं असायचं. ती अक्षरं जोडली की गुप्त निरोप निघायचा. अल्बममधलं पाचवं गाणं सगळ्यात हळवं असतं हेही चाहत्यांनी ताडलं आणि तिने ते मान्य केलं. यातून झालं असं, की आता कपड्याच्या रंगापासून नखांपर्यंत सगळ्याचा अर्थ लावला जातो आणि गाणं बाजूलाच राहतं. 'ब्लँक स्पेस'मधली प्रियकरांमागून प्रियकर बदलणारी, वेडाचे झटके येणारी बाई म्हणजे वर्तमानपत्रांनी रंगवलेल्या टेलर स्विफ्टची तिने स्वतःच केलेली टिंगल आहे. तो कबुलीजबाब म्हणून वाचणारा त्या टिंगलीत सापडतो. आपल्याकडच्या शक्ती-तुऱ्याच्या जुगलबंदीत एक शाहीर दुसऱ्याची सात पिढ्यांवरून उतरवतो आणि पहाटे दोघे एकाच बाकड्यावर चहा पितात. रात्रीचे शब्द धरून कोणी त्यांचं वैर मोजायला बसत नाही.

मुलीशी बोलायचं कसं? आधी वही बघितल्याचं सांगून टाका, आजच. फोटोही काढले होते आणि आता काढून टाकले, हेही. लपवलंत तर पुढचा प्रत्येक प्रश्न तिला उलटतपासणी वाटेल. रात्री, दमलेली असताना, वहिनींच्या देखत नको. अंगणात सोलं वाळत घालताना दोघींचे हात गुंतलेले असतात आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, ती वेळ उत्तम. 'असली गाणी का ऐकतेस?' या प्रश्नाला उत्तर नसतं, भांडण असतं. त्यापेक्षा 'काय गो, त्या ट्रकचे टायर नवे का होते?' असं विचारा. या वयाच्या मुलींना ही गाणी तोंडपाठच नसतात, त्यातले कोपरे न् कोपरे ठाऊक असतात; अर्धा तास तुम्हाला बोलावंच लागणार नाही. मग गाणं स्पीकरवर लावायला सांगा आणि धृपद बदललं की हात वर करायला सांगा.

ऑगस्टवाली, जेम्स आणि बेटी यांतलं कोण आवडतं हेही विचारा, पण त्या उत्तरावरून मुलीच्या आयुष्यात कोण आहे याचा शोध लावू नका. ऑगस्टवाली आवडते म्हणणाऱ्या मुली ढिगाने आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींना ते गाणं चालीसाठीच आवडतं. एकच गाणं दिवसातून वीसदा लावणंही त्या वयाला धरूनच आहे.

वहीत काही बघण्यासारखं असेल तर ते वेगळंच आहे, आणि तिने आपणहून दाखवली तरच बघा. उतरवलेल्या ओळी गायिकेच्या असतात. त्यात मुलीने कुठे नाव बदललंय का, एस्टेच्या जागी वर्गातल्या कोणाचं नाव आलंय का, समासात स्वतःच्या ओळी लिहिल्यात का? छापील शब्द शेजारी ठेवून ताडलं की फरक लगेच कळतो. तेवढंच तिचं बोलणं. ते सापडलं तर अर्थ लावत बसू नका, तिलाच विचारा. दुखरं निघालं तर वर दिलेला नंबर आहेच.

वहिनींना सांगा, गाण्यात खून करणारी पकडली जात नाही, आणि पोरगी मैत्रिणीची बाजू घेते आहे.

पुढचं गाणं कुठलं घ्यावं म्हणाल तर 'फोकलोर'मधलंच तिसरं, 'द लास्ट ग्रेट अमेरिकन डायनॅस्टी'. रिबेका हार्कनेस नावाची खरी श्रीमंत बाई, ऱ्होड आयलंडमध्ये समुद्रकाठी तिचं मोठं घर. नवरा मेला तो हिच्यामुळेच, हिने सगळं धुळीला मिळवलं, असं गावभर बोललं जातं. जवळजवळ पूर्ण गाणं 'ती'बद्दल आहे. शेवटाकडे ते घर कोण विकत घेतं आणि 'ती'ची 'मी' कुठल्या ओळीत होते, ते तुम्ही आधी शोधा, मग मुलीशी ताडून बघा. सासूबाईंनाही बसवा; भांडणात शेजाऱ्याचं कुत्रं हिरवं रंगवणारी बाई त्यांना पटकन कळेल.